खाली मान घालून घेतलेली हजेरी

प्रणिता राहाटे मॅडम हजेरी घेताना वर बघत नसत. पूर्णाकाठ फार्मसी कॉलेजात ही गोष्ट शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना माहीत होती, आणि माहीत नसल्यासारखं वागण्यात सगळेच पटाईत होते. मॅडम चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढायच्या, रजिस्टरात डोकं घालायच्या आणि एका दमात नंबर वाचत सुटायच्या. प्रत्येक नंबरला कुठून तरी "येस मॅडम" यायचं. ते ज्याचं त्याच्याच तोंडून आलं का, ही चौकशी त्या करत नसत.

याच्या मुळाशी होतं एसटीचं वेळापत्रक. दिवाळीनंतर खेड्यांकडची सकाळची आठची बस बंद झाली आणि पावणेनऊची सुरू झाली. ती तालुक्याला टेकेपर्यंत पावणेदहा होत. पहिला तास मात्र नऊचा. दुसऱ्या वर्षाच्या वर्गात रोज अपडाऊन करणाऱ्या सहा मुली होत्या, आणि पंचाहत्तर टक्के हजेरी भरली नाही तर परीक्षेचा फॉर्म घेत नसत. बस उशिरा येते हा काही पोरींचा गुन्हा नाही, असं मॅडमचं मत. तासाची वेळ बदला म्हणून प्राचार्यांशी डोकेफोड करण्यापेक्षा मान खाली घालणं सोपं होतं. आपल्याकडे दयासुद्धा अशी सोय बघून केली जाते.

साल होतं २०३८. तुम्ही म्हणाल, एवढं पुढचं साल आणि अजून रजिस्टर? मध्यंतरी चेहरा बघून हजेरी लावणारी यंत्रं आली होती की. पण हजारो मुलांचे चेहरे कुठल्याशा जाहिरातवाल्यांच्या हाती लागले, कोर्टात बोंबाबोंब झाली, आणि विद्यार्थ्याची ओळख पटवणाऱ्या प्रत्येक यंत्रावर बंदी आली. त्यामुळे रजिस्टर आणि लाल पेन मोठ्या सन्मानाने परत आले.

त्या रजिस्टरशेजारी यंदा जुलैपासून आणखी एक वस्तू येऊन बसली होती. जेवणाच्या डब्याएवढी पांढरी पेटी. तिचं नाव 'कानोसा'.

कानोसा आला तो नाइलाजातून. कॉलेजातली मुलं आतल्या आत खचत होती. कोणी शिकणं अर्धवट सोडत होतं, कोणी त्याहून वाईट काही करून बसत होतं, आणि जिल्ह्याला मनाचा डॉक्टर होता एक. एवढ्या मुलांतून कोणाला आधी त्याच्याकडे न्यायचं, हे कळायला काहीतरी हवं होतं. ते घशात सापडलं. नैराश्य नुसतं मनात बसून राहत नाही. स्वरतंतू हलवणारे स्नायू किंचित मंदावतात, स्वराच्या थरथरीत बारीक फरक पडतो, आणि आपला पुकारा ऐकल्यापासून ओ देईपर्यंतचा वेळ सेकंदाच्या काही शतांशांनी लांबतो. माणसाच्या कानाला हे सहसा जाणवत नाही. पण एकच शब्द रोज त्याच वेळी, त्याच खोलीत उच्चारला जात असेल, तर यंत्र तो फरक मोजू शकतं. विद्यार्थी असा एक शब्द रोज उच्चारतातच.

प्रत्येकाचा गळा वेगळा, म्हणून एकाची तुलना दुसऱ्याशी करायची नाही. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यातली उत्तरं हा त्या त्या रोल नंबरचा 'शून्य'. उत्तर त्या शून्यापासून फार लांब सरकलं आणि सलग दोन महिने तसंच राहिलं, की लाल खूण. आवाज कोणाचा हे मात्र कानोसा ओळखत नसे. कायद्याच्या धाकाने त्याच्या कर्त्यांनी ती सोयच काढून टाकली होती. त्याच्या लेखी माणूस नव्हताच, नुसता नंबर होता आणि त्या नंबरावर आलेलं उत्तर.

जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी एकदम सहा लाल खुणा उमटल्या.

बारा, सतरा, तेवीस, एकोणतीस, छत्तीस, अडतीस. सहाच्या सहा बसवाल्या मुली.

कॉलेजात खचलेल्या मुलांशी बोलायची 'मनमित्र' नावाची जबाबदारी राहाटे मॅडमकडेच होती. म्हणजे कोणीतरी घ्यायला हवी होती आणि त्या दिवशी त्या मीटिंगला उशिरा पोचल्या होत्या. त्यांनी सहाही जणींना स्टाफरूममध्ये बोलावलं. पोरी दारातूनच खिदळत आल्या. एकीच्या डब्यातले तिळाचे लाडू दुसरीच्या तोंडात होते. प्रश्नावली भरली, झोप विचारली, भूक विचारली. भुकेचा प्रश्न तर विचारायलाच नको होता.

"मॅडम, मले तं नुसतं केमिस्ट्रीचं टेन्शन हाय," त्यांच्यातली म्होरकी मिताली वाकोडे म्हणाली. "थे लाल झालं का हो?"

मग मॅडमनी पुढचा नियम सांगितला. लाल खूण आली की पालकांना समोर बसवून कळवायचं. येत्या सोमवारी. मितालीचं हसू जागच्या जागी विरलं.

"घरी नोका सांगू, मॅडम. माह्या बाबाले तं बहाणाच पाहिजे. वर्षापासून पाहुणे पाहून राह्यले ते. पोरगी डोक्यानं बिघडली म्हटलं, तं उद्याच घरी बसवतीन."

बाकीच्या पाचजणी खाली बघू लागल्या. त्यांच्या घरचंही थोड्याफार फरकाने तेच होतं.

प्राचार्य कोलते सरांकडे यावर सरळ उपाय होता. माणूस वाईट नव्हता, पण भानगड दिसली की तिला दुसऱ्याच्या अंगणात सरकवायची, यात त्यांची हयात गेली होती. "मॅडम, पोरी चांगल्या हसून खेळून राह्यल्या. मंग यंत्रच बिघडलं. तसं लिहून द्या, सही करा, अन् पाठवा वापस. सोमवारचा प्रश्नच मिटला."

मॅडमना तर हायसंच वाटलं. अर्ज टाईप झाला. तरी यंत्र परत घेण्याआधी कंपनीचा माणूस तपासून जाणार होता. तो गुरुवारी आला. इंगळे नावाचा अकोल्याचा तरुण इंजिनिअर. त्याने पेटी उघडली, तासभर काहीबाही मोजलं आणि म्हणाला, "मॅडम, यंत्र ठणठणीत आहे."

"आणि माझ्या मुलीही."

इंगळेने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. सहा नंबरांच्या सहा रेघा त्याने एकीवर एक ठेवल्या. दिवाळीपर्यंत त्या सहा दिशांना होत्या. दिवाळीनंतर सहाही एकमेकींना चिकटल्या होत्या. नऊ जानेवारीला सहाही एकदम खाली गेल्या, बाराला थोड्या वर आल्या, मग पुन्हा खाली.

"सहा माणसं एकाच दिवशी, एकाच मापाने खचत नाहीत," इंगळे म्हणाला. "मला तर काही समजत नाहीये."

मॅडमना मात्र क्षणात समजलं. दिवाळीनंतर त्या सहाजणी पहिल्या तासाला नव्हत्याच. त्यांच्या नावाने ओ देणारी कोणीतरी एक होती. सहा खुणा होत्या, पण दुःख एकीचं होतं.

"समजा," त्या अडखळत म्हणाल्या, "समजा एकच मुलगी सहाजणींची हजेरी देत असेल तर?"

इंगळेने त्यांच्याकडे पाहिलं आणि सभ्यपणे नजर पुन्हा पडद्यावर नेली. "तर हे जुळतं."

"पण मग तिचा स्वतःचा नंबर लाल का नाही?"

इंगळेने जुलैचे आकडे पुन्हा उघडले. उत्तर सापडलं तेव्हा त्याचाच चेहरा पडला. "कारण तिचा शून्यच तिथे आहे. मॅडम, ती जुलैतही अशीच असणार. त्याच्याही आधीपासून. आम्ही जुलैचा आवाज म्हणजे बरा आवाज असं धरून चाललो. ती पहिल्यापासूनच बुडालेली असेल, तर तिच्यात काही बदललंच नाही. यंत्राच्या लेखी ती वर्गातली सगळ्यात स्थिर मुलगी. त्या सहाजणींचे शून्य चांगले होते, म्हणून त्यांच्या नंबरावर तिचा आवाज उठून दिसला. हजेरी खरी असती, तर आम्हाला हे कधीच कळलं नसतं."

"कोण आहे ते सांगता येईल?"

"नाही. कायद्याने ती सोयच नाही ठेवलेली."

टेबलावर टाईप केलेला अर्ज पडला होता. सही केली असती तर सोमवार टळला असता, मुली वाचल्या असत्या, खोट्या हजेरीची गोष्ट पेटीबरोबर निघून गेली असती. आणि ती कोण, ती तशीच राहिली असती. मॅडमनी अर्ज पर्समध्ये कोंबला.

शुक्रवारी नऊ वाजता त्या वर्गात गेल्या. वर बघून हजेरी घ्यावी तर ओ देणारी गप्प बसणार. म्हणून त्यांनी नेहमीसारखाच चष्मा खाली ओढला, मान घातली आणि वाचू लागल्या. फरक एवढाच, की आज त्या ऐकत होत्या.

"बारा."

"येस मॅडम."

जरा बारीक आवाज काढलेला.

"सतरा."

"येस मॅडम." आता थोडा जाड. खिडकीकडून, तिसऱ्या बाकावरून. तेवीसला नाकातून. पोरीने सहा सोंगं छान वठवली होती. पण प्रत्येकाच्या आधी एक इवलासा थांबा होता. विहिरीतून पोहरा ओढताना दोर पुरा ताणला जाईपर्यंत थांबतो तेवढा. आणि मग एक्केचाळीस नंबर आला, तेव्हा तोच थांबा, तोच बाक, आणि यावेळी कसलंही सोंग नसलेला आवाज.

"येस मॅडम."

एक्केचाळीस. तेजल शेगोकार. शांत मुलगी, वही नीटनेटकी, कधी तक्रार नाही. पहिल्या वर्षी तीही त्याच बसने यायची. मग अभ्यास नीट व्हावा म्हणून वडिलांनी तिला तालुक्यातच, कॉलेजजवळच्या हॉस्टेलवर ठेवलं. मॅडमना तिच्याबद्दल याहून जास्त काही आठवेना. दीड वर्ष शिकवून एवढंच आठवावं, याची त्यांना लाज वाटली.

दुपारी प्रॅक्टिकल संपल्यावर तेजल प्रयोगशाळेत एकटीच मागे राहिली होती. काचेच्या पाटीवर पट्टीने मलम घोटत होती. मलम केव्हाच मऊसूत झालं होतं, तरी तिचा हात चालूच होता. मॅडम शेजारच्या स्टुलावर बसल्या. त्यांना बघून तिच्या हातातली पट्टी थांबली.

"मॅडम, त्याइले काही नोका म्हणू. मीच म्हटलं होतं मी देतो म्हणून. त्याइची चूक नाही."

"हजेरीचं मरू दे," मॅडम म्हणाल्या. वर्गात त्या पुस्तकी बोलायच्या, पण आता आपोआप घरची भाषा आली. "तू कशी हायस, थे सांग."

"बरी हाय."

"तेजल."

मुलीने पट्टी बाजूला ठेवली. मग तिने एवढ्या साध्या स्वरात सांगितलं, की मॅडमना ते जास्तच लागलं.

"झोप लागत नाही. लागली तं उठू वाटत नाही. खाल्लं तं चव नाही लागत. कोणी हसलं का मी बी हसून देतो, म्हणजे कोणी विचारत नाही."

"कधीपासून?"

"बारावीपासून. मले वाटलं, माणूस मोठं झालं का असंच असते. सगळ्याइलेच असं वाटत असन, अन् बाकीचे हिमतीनं राह्यत असन. माह्यातच दम नाही."

मॅडमना रडू आलं. त्यांनी ते लपवलं नाही. मनमित्रच्या प्रशिक्षणात एक गोष्ट त्यांना तीनदा सांगितली होती, की सरळ विचारायचं, विचारल्याने काही वाईट होत नाही. त्यांनी सरळ विचारलं, "जिवाचं बरंवाईट करावंसं वाटते का, बेटा?"

"कधी कधी वाटते." मग घाईने, जणू मॅडमनाच धीर देत, "पण सकाळी उठा लागते ना. साहाजणींची हजेरी असते. मी नाही गेली तं त्याइचा दिवस बुडते. म्हणून उठतो."

आपण ज्याला खोटी हजेरी म्हणत होतो, त्याच्या जोरावर ही पोर रोज अंथरुणातून उठत होती. आता खरं सांगावं तर तेही तिच्या हातून काढून घ्यायचं. वर सहाजणी आपल्यामुळे अडकल्या, हे ओझं तिच्याच डोक्यावर. न सांगावं, आणि धडधाकट यंत्राला बिघडलेलं म्हणायलाही मन घेत नसेल, तर सोमवारी सहा बाप येऊन बसणार. बरं, इकडे आड आणि तिकडे विहीर असली, तरी एक गोष्ट आजच करता येण्यासारखी होती, आणि मॅडमनी ती केली. तेजलला त्यांनी हॉस्टेलवर जाऊ दिलं नाही. घरी घेऊन गेल्या, तिच्या आईला फोन करून बोलावून घेतलं, आणि शनिवारी सकाळी तिघी जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांसमोर जाऊन बसल्या.

डॉक्टरांनी तासभर ऐकलं. मग तेजलच्या आईला म्हणाले, "ताई, हा आजार आहे. पोरीचा आळस नाही, तुमचं पाप नाही. औषधाचा गुण दिसायला तीनचार आठवडे लागतील. तोवर हिला एकटं सोडू नका, आणि घाई करू नका."

आईने एकच विचारलं. "बरी होते ना, साहेब?"

"होते."

ती माउली तिथेच बाकावर डोळ्याला पदर लावून बसली. तेजल तिच्याकडे नवलाने बघत होती. आपल्याला झालंय त्याला नाव आहे, ते नाव डॉक्टरला ठाऊक आहे आणि त्यावर औषधही आहे, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

परतीच्या गाडीत मॅडमनी तिला सोमवारचं सगळं सांगितलं. तिच्यापासून काही लपवायचं नाही, हे त्यांनी ठरवलं होतं.

"मग तुम्ही खरं सांगून द्या," तेजल म्हणाली. "माह्यं नाव घेतलं तरी चालते. त्या पोरी घरी नोको बसाले."

सोमवारी सकाळी, पालक येण्याआधी, मॅडम प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "सर, यंत्र चांगलं आहे. हजेरी खोटी होती. मी दिवाळीपासून खोटी हजेरी घेतली, जाणूनबुजून."

कोलते सरांनी चहाचा कप खाली ठेवला. "मॅडम, काय बोलून राह्यल्या कळते का तुमाले? नोटीस निघते यावर."

"काढा."

त्यांनी मग सगळं सांगितलं. बस, मान, सहा रेघा, एक आवाज. मुलीचं नाव तेवढं तिच्या परवानगीने आणि शेवटी. सर ऐकत गेले तसतसे खुर्चीत खाली खाली जात राहिले. शेवटी त्यांनी विचारलं, "बस किती वाजता येते म्हटलं?"

"पावणेदहाला."

"अन् हे तुम्ही मले दिवाळीत काऊन नाही सांगितलं?"

"तुम्ही ऐकलं नसतं, असं वाटलं."

"नसतंच ऐकलं," सर प्रामाणिकपणे म्हणाले. त्यांनी पालकांना फोन करून न येण्याचं कळवलं, खुणा चुकीच्या नंबरांवर पडल्या असं विद्यापीठाला लिहिलं, राहाटे मॅडमना कारणे दाखवा नोटीस काढली आणि पहिला तास दहाचा केला. शेवटचं काम करायला त्यांना चार मिनिटं लागली. सहाजणींनी बुडालेले तास शनिवारी भरून द्यायचे, असं ठरलं.

मॅडमना नोटीस वाचताना वाईट वाटलं, पण फार नाही. कितीतरी दिवसांनी त्यांना छाती भरून श्वास घेतल्यासारखं वाटत होतं.

बसवाल्या पोरींना तेजलने स्वतःच सांगितलं. मिताली हमसून हमसून रडली. "वो माय, आमी समजो तू स्वभावानंच शांत हायस! अन् तू आमच्या नावानं..." त्यानंतर त्यांनी एक पद्धत पाडली. सहापैकी एक मुलगी आठवडाभर पाळीने हॉस्टेलवर तेजलजवळ राहायची. रेक्टरबाईंनी नियमाचं पुस्तक उघडलं, मग मितालीचा चेहरा बघून मिटलं. सकाळी दोघींना उठायचं असे. आधी औषधाच्या धास्तीने, मग सवयीने, आणि पुढे पुढे चहा कोणी करायचा या भांडणापायी.

औषधाने जादू केली नाही. फेब्रुवारीत दोनदा तेजल पार खाली गेली, एकदा तर औषधच नको म्हणून बसली. डॉक्टरांनी गोळी बदलली. इंगळे आणि त्याच्या लोकांनी कानोशाचं शून्य ठरवण्याची पद्धत सुधारायला घेतली, पण ती पुढच्या जुलैपासून लागू व्हायची होती. तोवर जुनीच पेटी टेबलावर होती.

एप्रिलअखेरच्या एका दुपारी मॅडमच्या फोनवर कानोशाचा इशारा आला. लाल खूण. रोल नंबर एक्केचाळीस.

त्या पेपर तपासत होत्या. खुर्ची मागे पडली ती तशीच टाकून त्या धावल्या. वर्गात तेजल नव्हती. प्रयोगशाळेत नव्हती. वाचनालयात नव्हती. जिना उतरताना मनात नको नको ते येत होतं. तेवढ्यात मागच्या अंगणातून कडाक्याचं भांडण ऐकू आलं.

"माही जर्नल नेली तं नेली, वरून उतारा बी चुकीचा काढला! अन् सरांनी बोलणी कोणाले खाऊ घातली? मले! थांब, तुले आज सोडतच नाही मी!"

"अवं, पण दोन अन् सात सारखेच काढतं तू!"

"सारखे? आंधळी हायस का गं? दाखव! दाखव ना आता!"

कडुनिंबाखाली तेजल शेगोकार मितालीची वेणी धरून उभी होती आणि तोंडाचा पट्टा असा चालला होता, की बाकीच्या पाचजणी पोट धरून बसल्या होत्या. मग तिलाही हसू फुटलं. भांडता भांडता फुटलेलं, आवरत नसलेलं हसू. मॅडम खांबाला धरून उभ्या राहिल्या. त्यांनी धाप लागलेल्या आवाजात इंगळेला फोन लावला.

त्याने तिकडे काहीतरी उघडून पाहिलं. "मॅडम, शून्यापासून बरीच लांब गेली आहे. पण वर. कानोसा अंतर मोजतो, दिशा बघत नाही. तिच्या जुन्या शून्याच्या मानाने हे फार वेगळं आहे, म्हणून त्याने बोंब मारली." तो हसला. "तरी एकदा डॉक्टरांच्या कानावर घाला."

डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं, झोप कशी आहे, जेवण कसं आहे, आणि म्हणाले, "छान चाललंय. गोळी चालू ठेवा."

नियमाप्रमाणे लाल खुणेचा कागद भरावाच लागतो. मॅडम तो घेऊन पायरीवरच बसल्या. नाव, नंबर, तारीख लिहिली. खाली एक रकाना होता, 'केलेली कार्यवाही'. तिकडे अंगणात भांडण दुसऱ्या फेरीला लागलं होतं. मॅडमनी थोडा विचार केला आणि लिहिलं, "थोडा वेळ उभं राहून ऐकलं."